तक्रार एकाची, बिघाड दुसऱ्याचा

'इनपुट/आउटपुट एरर.' लिनक्सच्या फाइल सर्व्हरवरून एखादं फोल्डर कॉपी करायला घ्यावं आणि अर्ध्यात पडद्यावर एवढंच उमटावं. कोणती डिस्क, तिच्यावरची कोणती जागा, नेमकं काय अडलं, यातलं काहीच त्यात नसतं. विंडोजवर तर बऱ्याचदा एवढंही कळत नाही. फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागतं, मशीन हँग होतं, रीस्टार्ट केलं की दोन दिवस बरं चालतं आणि मग एके दिवशी एक्सेल म्हणतं की फाइल करप्ट आहे. ऑफिसात प्रत्येकाचा संशय आपापल्या ओळखीच्या वस्तूवर जातो. हिशेब पाहणाऱ्याला वाटतं टॅलीचं काहीतरी बिनसलंय, नेटवर्कवाला स्विच बदलून बघतो, कुणी अँटिव्हायरस फिरवतो. डिस्ककडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं आणि वाचवता आली असती अशी बरीच माहिती तोवर हातची गेलेली असते.

असं होतं, कारण बिघाड होतो एकीकडे आणि तक्रार दिसते भलतीकडे. तुमचा प्रोग्राम फाइल मागतो ती फाइल सिस्टिमकडे. फाइल सिस्टिम ब्लॉक मागते. मध्ये रेड किंवा एलव्हीएम असा अनेक डिस्क एकत्र बांधणारा थर असेल तर मागणी त्यातून पुढे जाते. मग कर्नलमधला ड्रायव्हर, मदरबोर्डवरचा कंट्रोलर, साटा केबल, डिस्कच्या पाठीवरच्या सर्किट बोर्डातलं फर्मवेअर आणि सर्वांत शेवटी तबकडीवरचा चुंबकीय थर. उत्तर याच वाटेने उलटं वर येतं आणि वाटेतला प्रत्येक थर ते आपल्या भाषेत नव्याने लिहितो. बांधावरच्या भांडणाचा अर्ज तलाठ्याकडून मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत असं करत मंत्रालयात पोचतो, तेव्हा शेवटच्या शेऱ्यात गट नंबरसुद्धा उरलेला नसतो. 'इनपुट/आउटपुट एरर' हा तसा शेवटचा शेरा. लिनक्समध्ये त्याचा क्रमांक ५. खाली काहीही झालेलं असो, प्रोग्रामच्या हाती बहुधा हा ५ च येतो.

म्हणून ज्याने तक्रार केली तोच बिघडलाय असं धरून चालायचं नाही. तक्रार कुठून वर आली ते पाहत एकेक थर खाली उतरायचं आणि हाताने धरता येईल, जिच्यावर सीरियल नंबर छापलेला आहे, अशा वस्तूपाशी पोचल्याशिवाय थांबायचं नाही. तिथे पोचल्यावरही त्या वस्तूला स्वतःला विचारायचं आणि दोघांचं म्हणणं जुळलं तरच स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा. या प्रकरणात हीच वाट वरून खालपर्यंत पाहू.

सेक्टर वाचता येत नाही म्हणजे काय

हार्ड डिस्कच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या असतात. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं हेड त्यांच्या पृष्ठभागाला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून जात असतं. माहिती सेक्टरमध्ये विभागलेली असते. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे. २०१० च्या सुमारापासून आलेल्या बहुतेक डिस्कमध्ये तो प्रत्यक्षात ४,०९६ बाइटचा असतो, मात्र जुन्या सॉफ्टवेअरशी जमवून घेण्यासाठी अनेक डिस्क बाहेर ५१२ चाच हिशेब दाखवतात. प्रत्येक सेक्टरसोबत चूक शोधून दुरुस्त करण्यासाठी थोडी जादा माहितीही लिहिलेली असते.

ही जादा माहिती अधूनमधूनच लागते असा समज असेल तर तो खोटा आहे. आजच्या डिस्कमध्ये बिट इतके दाटीने लिहिलेले असतात की वाचताना थोडीफार चूक होणं आणि ती जागच्या जागी सुधारणं हे क्षणोक्षणी चालू असतं. चूक सुधारण्यापलीकडची निघाली तर डिस्क पुढच्या फेऱ्यात तोच सेक्टर पुन्हा वाचते, हेड केसभर इकडेतिकडे सरकवून वाचते, वेगवेगळ्या युक्त्या करते. बहुतेक वेळा यश येतं आणि वरच्या थरांना याचा पत्ताही लागत नाही. फक्त वेळ जातो. म्हणूनच एरर दिसण्याच्या कितीतरी आधी 'सिस्टिम स्लो झालीय' ही कुरकुर सुरू होते.

सगळ्या युक्त्या संपल्या की डिस्क हार मानते आणि त्या सेक्टरची नोंद 'पेंडिंग' म्हणून करते. प्रत्येक डिस्कमध्ये राखीव सेक्टर असतात, मग लगेच त्यातला एक का वापरत नाही? कारण त्या राखीव जागेत लिहायचं काय, हेच तिला ठाऊक नसतं. मूळ मजकूर वाचता आलेला नाही. काहीबाही भरून 'हे घ्या' म्हटलं तर ती शुद्ध फसवणूक होईल. म्हणून ती वाट पाहते. कधीतरी कुणी त्याच जागी नवीन मजकूर लिहायला येतं, तेव्हा ती जागा तपासते. जागा ठीक निघाली तर सेक्टर पुन्हा कामाला लागतो. खराब निघाली तर त्याचा पत्ता कायमचा राखीव सेक्टरकडे वळवला जातो.

'फॉरमॅट मारला आणि डिस्क सुधारली' या बाजारातल्या अनुभवाचं उत्तर इथे आहे. पूर्ण फॉरमॅटमध्ये प्रत्येक सेक्टरवर नव्याने लिहिलं जातं, पेंडिंग सेक्टर निकाली निघतात आणि एरर थांबतात. तबकडीवर ओरखडा असेल किंवा हेड झिजलं असेल तर ते तसंच राहतं. काही आठवड्यांनी शेजारचे सेक्टर जायला लागतात.

लॉग खालून वर वाचू नये

डिस्कने हार मानल्यावर काय घडतं ते कर्नलच्या लॉगमध्ये दिसतं. 'डीमेसेज' किंवा 'जर्नलसीटीएल' ही कमांड दिली की ओळी समोर येतात. साटा डिस्कवरचा सेक्टर गेला की साधारण या क्रमाने:

एटीए३.००: फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड
एटीए३.००: एरर: यूएनसी
एसडीबी: सेन्स की: मीडियम एरर
आय/ओ एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर ४८२३६५४४
एक्स्ट४-एफएस एरर, रीमाउंटिंग फाइल सिस्टिम रीड-ओन्ली

माणसाची नजर शेवटच्या ओळीवर जाते, कारण त्रास तिथून सुरू होतो. फाइल सिस्टिमने स्वतःला रीड-ओन्ली करून घेतलं, आता कुणालाच काही सेव्ह करता येईना. मग फाइल सिस्टिम दुरुस्त करायची घाई होते. पण ती बिचारी परिणाम सांगते आहे. कारण सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत आधी उमटलेल्या ओळींमध्ये आहे. त्या डिस्कच्या सर्वांत जवळच्या थराने लिहिल्या आहेत. तिसरी ओळ दुसरीचाच अनुवाद आहे: साटाच्या भाषेतला 'यूएनसी' कर्नलमधल्या वरच्या, स्कझी नावाच्या थराच्या भाषेत 'मीडियम एरर' झाला. चौथ्या ओळीत कारण गळून पडलं, जागा तेवढी उरली. पाचवीपर्यंत जागाही गेली.

सगळ्यात मोलाची ती तीन अक्षरं: यूएनसी. डिस्क इथे कबुली देते आहे की 'मागणी मला नीट ऐकू आली, मी वाचायचा प्रयत्न केला, मजकूर सुधारता आला नाही.' म्हणजे केबल, कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांनी आपापलं काम केलेलं आहे. याच जागी 'आयसीआरसी' किंवा 'बॅडसीआरसी' दिसलं असतं तर गोष्ट उलटी असती. मजकूर डिस्कने दिला, वाटेत तो बिघडला. अशा वेळी डिस्क बदलून काही उपयोग नाही. आधी केबल काढून नीट बसवायची आणि तरी थांबलं नाही तर ती बदलायची. खराब केबलची आणखी एक खूण लॉगमध्ये सापडते. 'हार्ड रीसेटिंग लिंक' असं वारंवार येत राहतं आणि मग कर्नल स्वतःहून वेग उतरवतो, ६ गिगाबिटवरून ३ वर आणि तिथूनही १.५ वर. तशी ओळ तो लॉगमध्ये लिहून ठेवतो.

एक फसवी जागा मात्र आहे आणि तिथे भलेभले चुकतात. लिनक्स डिस्कच्या उत्तराची साधारण ३० सेकंद वाट पाहतो. साधी डेस्कटॉप डिस्क अवघड सेक्टरशी त्याहून जास्त वेळ झगडत बसू शकते. मग होतं असं की डिस्क अजून प्रयत्न करते आहे, तेवढ्यात कर्नल कंटाळून लिंक रीसेट करतो. 'यूएनसी' हे उत्तर वर पोचतच नाही. लॉगमध्ये दिसतो फक्त 'टाइमआउट' आणि रीसेट, आणि दोष केबलच्या किंवा कंट्रोलरच्या गळ्यात पडतो. रेड आणि नॅससाठी विकल्या जाणाऱ्या डिस्क याच कारणाने साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात. त्यांच्याकडे दुसऱ्या डिस्कवर प्रत असते, म्हणून हट्ट धरण्यापेक्षा लवकर नकार देणं फायद्याचं.

विंडोजमध्ये हेच सगळं इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये असतं. तिथला इव्हेंट ७ सांगतो की डिस्कवर बॅड ब्लॉक आहे. १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली. १२९ म्हणजे उत्तर न आल्यामुळे रीसेट दिला. महिनाभर १५३ चे शिंतोडे आणि मग एकाएकी ७ ची रांग लागली, तर ते क्रमाने खाली घसरत गेलेल्या डिस्कचं वर्तन आहे.

एसडीबी नावाची कुठलीही वस्तू नसते

लॉग म्हणाला एसडीबी. मशीन उघडलं तर आत चार सारख्या डिस्क. त्यातली एसडीबी कोणती?

हे नाव कर्नलने डिस्क सापडत गेल्या त्या क्रमाने दिलेलं असतं: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी. उद्या रीस्टार्ट झाल्यावर क्रम बदलू शकतो. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर बदलू शकतो. आणि खराब डिस्क मधेच गायब होऊन परत आली तर तीच डिस्क एसडीई म्हणून अवतरू शकते. परवाच्या लॉगमधली एसडीबी आणि आजची एसडीबी एकच असेल, याची हमी कुणी देत नाही. 'एटीए३' मधला ३ देखील सॉफ्टवेअरने दिलेला आहे. मदरबोर्डवर कनेक्टरशेजारी छापलेल्या आकड्याशी तो जुळेलच असं नाही. विंडोजच्या 'हार्डडिस्क१' चीही तीच गत.

न बदलणारी ओळख एकच, सीरियल नंबर. तो डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असतो आणि वरच्या लेबलवर छापलेलाही असतो. लिनक्समध्ये 'डेव्ह' खालच्या 'डिस्क/बाय-आयडी' या फोल्डरात मॉडेल आणि सीरियल नंबर मिळून झालेली नावं असतात आणि प्रत्येक नाव सध्याच्या एसडीए-एसडीबीकडे बोट दाखवतं. 'स्मार्टसीटीएल' ही कमांडही सीरियल नंबर सांगते. तो कागदावर उतरवून घ्यायचा, लॉगमधली वेळ आणि शेवटचा रीस्टार्ट यांचा मेळ घालायचा आणि त्यानंतर सगळं बोलणं त्या नंबरच्या भाषेत करायचं.

डिस्कची स्वतःची जबानी

आता दुसरा साक्षीदार. आयबीएमने १९९२ मध्ये एएस/४०० संगणकांच्या डिस्कमध्ये स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्याची सोय आणली. कॉम्पॅकने पुढे 'इंटेलिसेफ' नावाने डिस्क कंपन्यांबरोबर तसंच काम केलं आणि १९९५ मध्ये ते सर्वांसाठी मानक व्हावं म्हणून पुढे ठेवलं. त्यातून आलेली 'स्मार्ट' ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक डिस्कमध्ये असते. डिस्क काही गोष्टी सतत मोजून ठेवते आणि प्रत्येक मोजणीला क्रमांक असतो.

तक्ता लांबलचक असतो, पण अशा वेळी पाच-सहा ओळी पुरतात. ५ म्हणजे आजवर राखीव जागेकडे वळवलेले सेक्टर. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचता न आलेले. १८७ म्हणजे न सुधारलेल्या चुका, ज्या वर कळवाव्या लागल्या. १८८ म्हणजे वेळेत पुरी न झालेली कामं. आणि १९९ म्हणजे वाटेत बिघडलेला मजकूर. लॉगमध्ये 'यूएनसी' आणि तक्त्यात १९७ चा आकडा शून्याच्या वर, म्हणजे दोन्ही साक्षी जुळल्या. लॉगमध्ये रीसेटचा धुमाकूळ, १९७ शून्य आणि १९९ वाढतोय, म्हणजे आधी केबल. १९९ चा आकडा मात्र कधीच कमी होत नाही. केबल बदलल्यावरही जुना आकडा राहतो, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतोय का, हे बघायचं.

दोन गोष्टींना भुलू नये. पहिली म्हणजे वर ठळक लिहिलेलं 'पास्ड'. हा निकाल उत्पादकाने ठरवलेल्या किमान मर्यादांवर लागतो. १९७ साठी ती मर्यादा अनेक डिस्कमध्ये शून्य ठेवलेली असते, त्यामुळे शेकडो पेंडिंग सेक्टर असलेली डिस्कसुद्धा बिनधास्त पास होते. दुसरी भूल उलट्या बाजूची. सीगेटच्या अनेक डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ च्या समोर कोटींच्या घरातले आकडे दिसतात आणि नवखा माणूस घाबरून चांगली डिस्क काढून टाकतो. त्या आकड्यात चुकांची संख्या आणि एकूण कामांची संख्या एकत्र बांधलेली असते. नुसता तो मोठा आहे म्हणून काही सिद्ध होत नाही.

तक्ता पाहून झाला की डिस्कला लांब पल्ल्याची स्वयंचाचणी द्यायची, अर्थात महत्त्वाची माहिती आधी दुसरीकडे हलवून. डिस्क स्वतःचा संपूर्ण पृष्ठभाग वाचून काढते, मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. वाचता न येणारी जागा लागली की चाचणी थांबते आणि त्या जागेचा क्रमांक लिहून ठेवते. या वाचनात केबलवरून मजकूर जातच नाही. तो क्रमांक लॉगमधल्या सेक्टरच्या आसपास आला, तर वादाला जागा उरत नाही.

या आकड्यांवर विसंबावं किती? २००७ मध्ये गूगलच्या एदुआर्दो पिन्हेरो, वुल्फ-डिट्रिच वेबर आणि लुईझ आंद्रे बरोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असं त्यात दिसलं. बॅकब्लेझ ही साठवणुकीचा व्यवसाय करणारी कंपनी ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ यांच्यावर नजर ठेवते. तिने २०१६ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार निकामी झालेल्या ७६.७ टक्के डिस्कमध्ये या पाचांपैकी निदान एक शून्याच्या वर होता. चालू डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के होतं.

पण गूगलच्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लक्षात ठेवायला हवा. निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कने सर्वांत भरवशाच्या चार मोजण्यांपैकी एकाही मोजणीत काही दाखवलेलं नव्हतं. डिस्कने दोष कबूल केला तर विश्वास ठेवावा. तिने 'मी बरी आहे' म्हटलं तर त्याला तेवढं वजन देऊ नये.

एकापेक्षा जास्त डिस्क एकदम ओरडू लागल्या तर

चारही डिस्क एकाच मिनिटाला एरर देऊ लागल्या, तर चौघींचा अंत एकाच क्षणी आला असं मानण्याआधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघावं. पॉवर सप्लाय, कंट्रोलर कार्ड, डिस्क ज्यात खोचतात ते बॅकप्लेन. कमजोर पॉवर सप्लाय तर अगदी असाच वागतो. ताण वाढला की डिस्क क्षणभर बंद पडून पुन्हा फिरू लागतात, आणि लॉगमध्ये सगळ्यांचे रीसेट एकाच सेकंदाला सापडतात.

सामाईक कारण कधी हवेतूनही येतं. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेगने डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात आरडाओरडा केला आणि त्याच क्षणी डिस्कना लागणारा वेळ आलेखात कसा उंच उसळतो ते व्हिडिओवर दाखवलं. हेडला ट्रॅकवर राहायला कंपनाने अडथळा येतो. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू सुटताना झालेल्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेच्या सेवा काही तास बंद पडल्या. पाणी नको म्हणून वायूची यंत्रणा बसवलेली होती.

सेक्टरवरून फाइलपर्यंत

डिस्क सापडली. आता मालकाचा खरा प्रश्न: 'माझं गेलं काय?' तोही सोडवता येतो, साध्या भागाकाराने.

लॉगमधला सेक्टर ४,८२,३६,५४४. हा आकडा संपूर्ण डिस्कच्या सुरुवातीपासून मोजलेला आहे. समजा पार्टिशन २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं. तेवढे वजा केले की उरतात ४,८२,३४,४९६. फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४,०९६ बाइटचा, म्हणजे ५१२ च्या आठ सेक्टरांचा. आठने भागलं की ब्लॉक क्रमांक येतो ६०,२९,३१२. एक्स्ट४ वर 'डीबगएफएस' या साधनाला हा क्रमांक दिला की तो ब्लॉक कोणत्या आयनोडचा, म्हणजे फाइलच्या अंतर्गत नोंदीचा, ते कळतं आणि आयनोडवरून फाइलचं नाव. लॉगमधला सेक्टर कधीकधी मोठ्या मागणीची सुरुवात असतो आणि खरी खराब जागा थोडी पुढे असते, म्हणून स्वयंचाचणीतला क्रमांक मिळाला तर हिशेब त्यावरून करावा.

उत्तर अनेकदा दिलासा देणारं निघतं. त्या ब्लॉकवर कुठलीच फाइल नसते, किंवा असते ती जुनी लॉग फाइल. कधी मात्र तो ब्लॉक डेटाबेसच्या ऐन मधला निघतो. काहीही निघालं तरी बॅकअपमधून नेमकं काय परत आणायचं ते ठरतं. मध्ये रेड किंवा एलव्हीएम असेल तर हा सोपा भागाकार चालत नाही, कारण प्रत्येक थर पत्ते आपल्या पद्धतीने मांडतो.

रेडमधली चुकीची डिस्क

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून रेडची कल्पना मांडली: स्वस्त डिस्कचा संच करा, जादा माहिती ठेवा, एक गेली तरी काम चालू राहील. काम चालू राहतं हे खरंच, आणि धोकाही त्यातच आहे. कुणाला काही जाणवत नाही. लिनक्सच्या 'एमडीस्टॅट'मध्ये सगळं ठीक असलेल्या डिस्कपुढे 'यू' असतो आणि गेलेलीच्या जागी नुसती रेघ. ती रेघ बघणारं कुणी नसेल तर रेड ५ चा संच महिनोन् महिने एका डिस्कविना चालत राहतो.

मग कधीतरी नवी डिस्क बसवून संच पुन्हा भरायला घेतात. त्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलखालचा खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो. अशा दडलेल्या सेक्टरांची मोजणी झालेली आहे. २००७ मध्ये लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी १५.३ लाख डिस्कच्या ३२ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, त्यात ३.४५ टक्के डिस्कमध्ये ते सापडले. यावरचा उपाय म्हणजे संच दर महिन्याला पूर्ण वाचून काढणं. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते. रविवारी सर्व्हर संथ का, या प्रश्नाचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

याहून मोठा घात हाताने होतो. एक डिस्क गेलेली आहे, संच कसाबसा उभा आहे आणि माणूस चुकून चांगली डिस्क उपसतो. रेड ५ तिथल्या तिथे कोसळतो. म्हणून हात घालण्याआधी सीरियल नंबर जुळवायचा. सर्व्हरमध्ये सोय असेल तर 'लेडसीटीएल'ने त्या ट्रेचा दिवा लावायचा. सोय नसेल आणि डिस्क अजून उत्तर देत असेल तर तिच्यावर थोडं वाचन लावून कोणता दिवा लुकलुकतो ते बघायचं. तरीही शंका राहिली तर मशीन बंद करून लेबल वाचायचं. थोडा वेळ काम थांबलेलं परवडतं.

एसएसडीचं वेगळं गणित

एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही, म्हणून कुरकुरण्याचा तो लांब काळही बऱ्याचदा नसतो. कालपर्यंत धावणारी एसएसडी सकाळी बायॉसमध्ये दिसतच नाही, किंवा वाचू देते आणि लिहू देत नाही. एनव्हीएमई डिस्कच्या तक्त्यात पाहायच्या ओळीही निराळ्या: शिल्लक राखीव जागा, वापरून झालेलं आयुष्य, मीडिया एरर आणि गंभीर इशारा.

आणि कधी दोष फर्मवेअरमध्येच असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केलं की तिच्या काही सॅस एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालू राहिल्या की बंद पडतील आणि त्यांच्यावरची माहिती परत मिळणार नाही. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात आहे. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी तो आकडा गाठतील, मग रेडने तरी काय वाचवावं? अशा वेळी लॉगमधल्या एररपेक्षा डिस्क किती तास चालली आणि तिच्यात फर्मवेअर कोणतं आहे, या दोन आकड्यांतून जास्त कळतं.

आधी प्रत, मग दुरुस्ती

डिस्क खराब आहे हे ठरलं की क्रम पाळायचा. माहिती आधी काढून घ्यायची. 'एफएससीके' किंवा 'चेकडिस्क' अशा डिस्कवर चालवायचं नाही. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी साधनं डिस्क वाचते आहे असं गृहीत धरतात. वाचता न आलेल्या जागी त्यांना फोल्डर अर्धवट दिसतं आणि दुरुस्तीच्या नावाखाली उरलेलंही छाटलं जातं. शिवाय त्यांच्या तासन् तासांच्या फेऱ्यांनी मरणपंथाला लागलेलं हेड आणखी लवकर जातं. जीएनयूचं 'डीडीरेस्क्यू' उलट वागतं. आधी सहज वाचता येणारा भाग भरभर उचलतं, अडलेल्या जागा नकाशा फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे मागाहून वळतं. वीज गेली तरी नकाशावरून काम पुढे चालू होतं. दुरुस्ती करायचीच असेल तर या प्रतीवर. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल आणि माहिती मोलाची असेल, तर वीज काढून ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यायची. घरी झाकण उघडायचं नाही.

मग ती डिस्क ठेवायची की टाकायची? एखादाच सेक्टर वळवला गेला आणि आकडा कित्येक महिने तिथेच थांबला, तर बिनमहत्त्वाच्या कामाला ती वापरता येते. आकडा आठवड्यागणिक चढत असेल तर त्याच आठवड्यात बदलावी. वॉरंटी असेल तर अर्जाबरोबर स्वयंचाचणीचा निकाल जोडावा. नुसतं 'डिस्क स्लो आहे' म्हणण्यापेक्षा त्याला जास्त वजन असतं.

आणि ज्या डिस्क काहीही न बोलता जातात, त्यांच्यासाठी लॉग वाचण्याची कला उपयोगी पडत नाही. तिथे कामाला येतो तो फक्त बॅकअप, तोही अधूनमधून परत उघडून पाहिलेला.

बाकीच्यांसाठी थोडी पूर्वतयारी पुरते. 'स्मार्टडी' चालू ठेवावं, म्हणजे १९७ शून्यावरून हलला की ईमेल येतो. महिन्याला एकदा तक्ता साठवून ठेवावा, कारण एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त सांगते. आणि नवी डिस्क बसवताना तिचा सीरियल नंबर ट्रेच्या दर्शनी भागावर लिहून चिकटवावा. त्याला मिनिटभर लागतं. ती चिठ्ठी नसेल तर लॉग कितीही नीट वाचला, दोन्ही साक्षी कितीही जुळल्या, तरी चार सारख्या ट्रेंपैकी कोणत्या ट्रेला हात घालायचा हे अंदाजानेच ठरवावं लागतं.